आधी विचार, तिथं कोण राहत नाही

चि. सचिन,
सप्रेम जय भीम.

घर घ्यायला तू बघतोयस त्या अमेरिकेतल्या अटलांटाजवळच्या तिन्ही घरांचे व्हिडिओ बाबांनी काल टीव्हीवर लावून दाखवले. फोर्सिथ काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं), कमिंग गावचं घर देखणं आहे. सूनबाईला ते मनापासून आवडलंय, हे तिच्या आवाजावरूनच कळलं. "आई, गल्लीत सगळे आपलेच लोक आहेत," असं ती म्हणाली आणि तेव्हापासून तो एकच शब्द माझ्या डोक्यात घोळतोय. आपलेच म्हणजे कोण रे?

१९८९ साली माझी बदली झाली तेव्हा तू दीड वर्षाचा होतास. तुला कडेवर घेऊन आम्ही त्या तालुक्याच्या गावात खोली शोधत होतो. पहिल्या घरी मालकिणीनं बसायला सतरंजी टाकली, चुलीवर चहाचं आधण ठेवलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून त्या आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, खोली भाच्याला द्यायची ठरलीय. चहा आलाच नाही. पुढच्या तीन घरी थोड्याफार फरकानं तेच. पाचवं घर एका मुसलमान आजींचं होतं. त्यांनी विचारलं, "लेकराला रतीब कुणाचा लावणार?" एवढंच. तिथं आपण सहा वर्षं राहिलो. तुझी पहिली पाटी त्यांनीच आणली होती.

बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांनाही राहायला जागा मिळेना. पारशी सराईत आसरा घेतला, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. लहानपणी तुला ही गोष्ट सांगताना मी दर वेळी रडायचे, आठवतं? म्हणून घराचा विषय निघाला की मी फरशी न् खिडक्या बघत नाही. दार कुणासाठी उघडतं ते बघते.

आता त्या फोर्सिथचं ऐक. १९१२ साली तिथं एका गोऱ्या मुलीचा खून झाला आणि आळ काळ्या तरुणांवर आला. एकाला जमावानं ठार मारलं, दोन कोवळ्या पोरांना फाशी दिली. मग रात्री टोळ्या यायच्या, घरांवर गोळ्या झाडायच्या, चर्च जाळायच्या. सुमारे ११०० काळी माणसं होती त्या काउंटीत. काही आठवड्यांत जवळजवळ सगळी परागंदा झाली. कुणी मातीमोल भावानं जमीन विकली, कुणी उभी पिकं टाकून गेलं. पुढची पाऊणशे वर्षं तो मुलूख गोराच राहिला, राखलाच गेला तसा. १७ जानेवारी १९८७ रोजी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या होसिया विल्यम्स यांच्यासोबत थोडी माणसं मोर्चा घेऊन गेली, तर त्यांच्यावर दगड-बाटल्या आल्या. पुढच्याच शनिवारी सुमारे २० हजार लोक चालून गेले, नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेच्या, बंदोबस्तात. तू जन्मायच्या जेमतेम वर्षभर आधीची गोष्ट आहे ही.

आज ती काउंटी तशी नाही, हे मला माहीत आहे. लोकसंख्या अडीच लाखांच्या वर गेली, आशियाई कुटुंबं खूप आली, आपल्याकडचीही आली. पण काळी कुटुंबं अजून शंभरात चार-पाचच. जिथून एका समाजाला हाकललं, तिथं दुसऱ्या समाजाचं स्वागत होतंय याचा आनंद मानावा की नाही, हे मला ठरवता येत नाही. तिथं घर घेऊच नकोस असं मी म्हणत नाही. घेतलंस तर त्या जमिनीची ही गोष्ट तुझ्या चिऊला माहीत असली पाहिजे, इतकं मात्र नक्की.

आणि दुसरी भीती जवळची आहे. न्यूजर्सीला तुझ्याकडे असताना बागेत एक बाई मराठी ऐकून किती आनंदानं जवळ आल्या. गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग "म्हणजे नेमके कुठले?" दुसऱ्या दिवशी त्या लांबच्या बाकावर बसल्या होत्या. तुला तेव्हा सांगितलं नाही. सगळे 'आपलेच' असलेल्या गल्लीत चिऊला हा प्रश्न कितव्या वर्षी विचारला जाईल?

एजंटाला 'इथं कोण कोण राहतं' असं विचारलंस तर तो सांगणार नाही. कायद्यानं त्याला तसं करता येत नाही. तो कायदा १९६८चा, मार्टिन ल्यूथर किंगसाहेबांच्या हत्येनंतर आठवड्यात सही झालेला. चांगलाच आहे. म्हणजे बघायचं काम तुझं. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभा राहा आणि पोरं कुणाचा हात धरून बाहेर येतात ते बघ. नुसती वेगवेगळ्या रंगांची पोरं असून भागत नाही, ती एकमेकांत मिसळतात का ते बघ. घरांच्या वेबसाइटवर शाळांना दिलेले ते दहापैकी गुण फार मनावर घेऊ नकोस. मी बत्तीस वर्षं शिकवलंय. त्या गुणांत मास्तरांच्या कष्टापेक्षा आई-बापांची कमाईच जास्त दिसते.

ग्विनेट काउंटीतलं डुलुथचं घर मला आवडलं. त्या काउंटीत साडेनऊ लाखांच्या वर लोक आणि कुठल्याच एका समाजाचं बहुमत नाही. गोरे, काळे, मेक्सिकन, कोरियन, आपण. एका दुकानाची पाटी कोरियन, शेजारची स्पॅनिश. जिथं सगळेच थोडे थोडे, तिथं दार अडवून उभं राहायचं कुणी? मात्र तिथं रेल्वे नाही. मार्टाची, म्हणजे अटलांटाच्या मेट्रोची, गाडी अलीकडच्या डोराव्हिलला संपते. ती पुढे न्यायला ग्विनेटच्या लोकांनी १९७१, १९९० आणि २०१९च्या मतदानांत नकार दिला. करवाढ नको हे कारण होतंच, पण गाडीतून कोण येईल याची भीतीही होती, असं तिथलेच लोक सांगतात. तेव्हा ग्विनेटही धुतल्या तांदळासारखं आहे असं समजू नकोस.

खरं मन माझं तिसऱ्या घरात, डिकेटरला अडकलंय. गेल्या वर्षी तुझ्या मित्राकडे आठ दिवस राहिलो, तेव्हा बाबा आणि मी रोज पायी चौकात जायचो. जुन्या कोर्टासमोर काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या जॉन लुईस यांचा पुतळा आहे. त्या जागी आधी गुलामगिरीसाठी लढलेल्या फौजेचा ३० फुटी स्तंभ होता, १९०८ पासून. २०२० मध्ये तो हलवला आणि २०२४ मध्ये लुईस उभे राहिले. मी चप्पल काढून नमस्कार केला, तर बाकावरच्या एका काळ्या आजींनी मला शेजारी बसवून घेतलं. भाषा जमेना, पण अर्धा तास बसलो. घरं तिथं महाग आहेत, लहान आहेत, समजतंय मला. पण स्टेशन चालत गाठता येतं आणि आम्ही म्हातारी माणसं तुझ्या गाडीची वाट बघत खिडकीशी बसून राहणार नाही. कमिंगच्या व्हिडिओत तर मला फूटपाथच दिसला नाही.

हप्त्याचं गणित बाबा तुझ्याशी रविवारी बोलतील. त्याआधी एक कर. डुलुथ आणि डिकेटर, दोन्हीकडे संध्याकाळी सहा वाजता गाडीतून उतरून चिऊला घेऊन चाल आणि फोन चालू ठेव, मला दिसू दे. तुमची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट. मी उठून बसते. काळं तिखट केलंय, शेजारच्या काकूंचा मुलगा पंधरा तारखेला निघतोय, त्याच्याकडे देते.

तुझी,
आई