आत्याच्या धाकट्यासाठी

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आत्याचा निरोप सांगितलात. धाकट्याला बारावीनंतर ॲनिमेशनला जायचंय, चित्रं झकास काढतो, तर जमेल ना त्याला? मी "जमेल की" म्हणून फोन ठेवला आणि मग रात्रभर चुटपुट लागून राहिली. पोराच्या आयुष्याचा प्रश्न, आणि मी दोन शब्दांत उडवला. म्हणून हे पत्र.

बाबा, तो म्हशीचा फोन आठवतो का तुम्हाला? माझ्या ॲनिमेशनच्या नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. बसलेली म्हैस उठते, एवढाच शॉट, 4 सेकंदांचा. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, अशी एकूण 96. आठवडाभर खपून केला. सुपरवायझरनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, "खोटं वाटतंय, परत कर." काय खोटं, ते मला दिसेना. रात्री तुम्हाला फोन लावला, म्हैस कशी उठवली ते सांगितलं. तुम्ही जरा गप्प राहिलात, मग म्हणालात, "अगं, घोडं पुढलं पाय रोवून उठतंय. म्हस आधी मागलं उचलती, पुढच्या गुडघ्यांवर टेकून."

गोठ्यात मी लहानाची मोठी झाले. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तुमच्याबरोबर किती संध्याकाळी उभी राहिले. रोज डोळ्यांपुढं असलेलं मी कधी निरखलंच नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. सकाळी तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ पाठवलात. म्हैस मान पुढं झोकते, मागचा भाग वर येतो, आणि मग क्षणभर थांबते. सगळा भार त्या दोन गुडघ्यांवर. नंतर एक पाय पुढं, मग दुसरा. त्या थांबण्याला मी 10 फ्रेम दिल्या आणि माझ्या म्हशीला वजन आलं.

धाकट्याला हे निरखणं जमतं का, ते आधी बघा. चित्र देखणं काढणं वेगळं. म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना आधी हात कुठं टेकतो, भरलेली घागर उचलताना बाई कुठल्या बाजूला कलते, हे त्याच्या वहीत आहे का? नट्यांचे चेहरे हुबेहूब काढलेले असतील तर छानच, पण त्यावर भागत नाही.

दुसरं, 'परत कर' हे ऐकून घेणं. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांत सुंदर हात असलेला मुलगा दोन वर्षांत हे काम सोडून गेला. प्रत्येक रिटेक त्याच्या जिव्हारी लागायचा. एकेक शॉट पाच-पाच, सहा-सहा वेळा बदलावा लागतो आणि त्यात अपमान काही नसतो. त्याला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

चिकाटीबद्दल कोल्हापूरच्या पोराला मी काय सांगू? आपल्या बाबूराव पेंटरांची गोष्ट बाबांनी त्याला सांगावी. आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. मग नात्यातल्या आनंदराव पेंटरांबरोबर स्वतःच सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव मध्येच गेले, तरी यांनी तो पुरा केला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' हा सिनेमा लोकांपुढं आणला. हातातली कला आणि यंत्राची खटपट, दोन्ही एकाच माणसात होती. आमच्या कामातही तसंच लागतं. सॉफ्टवेअर बदलत राहतं, ते दर वेळी नव्यानं शिकायची हौस हवी.

आणि वेळ. आई, पहाटे साडेचारला तू उठायचीस, पाऊस असो नाहीतर अंगात ताप असो, कारण दूध थांबत नाही. माझा शॉट उशिरा गेला की पुढं लायटिंगवाले, सगळे थर एकत्र जोडणारे कंपोझिटिंगवाले खोळंबतात. मी उशीर करत नाही, ते तुझ्याकडं बघून.

फीचं मात्र आत्याला स्पष्ट सांगा: जाहिरात बघून पैसे भरू नका. आधी तिथल्या विद्यार्थ्यांचं काम बघा, शिकून बाहेर पडलेली मुलं कुठं लागली ते विचारा. मी बरोबर येईन.

शनिवारी रात्रीच्या बसनं निघते. रविवारी पहाटे धाकट्याला गोठ्यावर बोलवा, वही-पेन्सिल घेऊन. म्हशी उठायच्या आत यायला सांगा.

तुमची,
ताई