नौपाड्यातल्या मेडिकलवाल्या काकांना

काका, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून हे इथे लिहितेय.

बाबा ७३ चे. मी कोपरखैरण्याला, ट्रान्स हार्बर लोकल पकडली की अर्ध्या तासात ठाण्यात, तरी येणं व्हायचं ते रविवारीच आणि रविवारी बाबा एकदम ओके असायचे. जळजळ होते, आंबट पाणी वर येतं एवढंच सांगायचे, मी म्हणायचे तिखट कमी खा, झालं. दोनदा रात्री छातीत दुखलं म्हणून रिक्षाने धावलो, दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल. पण त्यानंतर ते आडवं व्हायलाच घाबरायला लागले, खुर्चीत बसून झोपायचे, तलावपाळीचा सकाळचा ग्रुपही सोडला, का तर लोकांसमोर ढेकर येतात, लाज वाटते. मला वाटलं वय झालं, चालायचंच.

त्या दिवशी तुम्ही मला काउंटरच्या कडेला बोलावलंत. म्हणालात, "बाबा या आठवड्यात अॅसिडिटीच्या औषधाच्या तीन बाटल्या घेऊन गेले, चौथी मी दिली नाही. आणि येतात बरोब्बर ३ वाजता, दुकान रिकामं असतं तेव्हा, बाटली घेऊन झाली तरी अर्धा तास उभेच. झोप लागते का विचारलं तर भरून आलं त्यांना."

घरी शोधलं तर चपलांच्या रॅकमागे त्या गुलाबी औषधाच्या ११ रिकाम्या बाटल्या. पहिल्यांदा रागच आला, मग होत्या तशाच परत ठेवल्या, त्यांना कळू नये म्हणून. मूर्खपणा, पण ठेवल्या.

पॅन्टोप्राझोल, म्हणजे अॅसिड कमी करायची गोळी, ते जेवणानंतर घेत होते हेही तुम्हीच पकडलंत, ती सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. बीपीच्या अॅम्लोडिपिननेही अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडू शकते म्हणालात आणि लगेच, "स्वतःहून बंद करायची नाही हां, डॉक्टरांना विचारा," हे दोनदा. डॉक्टरांनी ती बदलली, एन्डोस्कोपीत थोडी सूज निघाली, बी१२ कमी निघालं, अॅसिडची गोळी वर्षानुवर्षं चालू असली की ते कमी होऊ शकतं म्हणे. आता रात्रीचं जेवण साडेसातला, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचाचे ठोकळे. बाबा म्हणतात घसरगुंडीवर झोपवलंय मला.

पण खरे आभार त्या औषधाच्या कागदी पिशवीचे. तिच्या मागे तुम्ही पेनने १४४१६ लिहून दिलंत, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. बाबा कसले करतायत फोन. मीच केला, रात्री ११ ला, गॅलरीत उभं राहून. त्यांनी मला हळूहळू विचारत विचारत आणलं की वडिलांना मानसोपचारवाल्यांना दाखवा. ठाण्यात हा शब्द काढला की लोकांना आधी मेंटल हॉस्पिटलच आठवतं, बाबांनाही तेच, चार दिवस अबोला. शेवटी आले. डॉक्टरीणबाईंनी १५ प्रश्न विचारले, हो का नाही एवढंच सांगायचं, आणि मग म्हणाल्या आजोबा, अॅसिडने झोप जाते, झोप गेली की धास्ती, आणि धास्तीत तेवढंच अॅसिड दुप्पट जाळतं, तुम्ही नाटक करत नाही आहात. हे शेवटचं वाक्य ऐकून बाबा जे सैल बसले ना खुर्चीत, तसे मी त्यांना वर्षभरात बघितले नव्हते.

सगळं छान झालंय असं नाही. मध्येच एखादी रात्र वाईट जाते, ग्रुपमध्येही आठवड्यातून दोनदाच जातात. बाटल्या मात्र नाहीत, रॅकमागे बघते मी अजून.

आणि काका, परवाचे तुमचे ४० रुपये राहिलेत, सुट्टे नव्हते. मी जीपे करणार होते, बाबा म्हणाले राहू दे, मी ३ वाजता जाऊन देतो.