अडलंय ते डिपॉझिटवर

संपादक साहेब, नमस्कार,

बेघरांसाठी नवीन निवारे काढा अशी मागणी बऱ्याचदा वाचायला मिळते. निवारे हवेतच, पण मला जरा वेगळं सांगायचंय. आमच्या भागात पुलाखाली एक कुटुंब राहतं, नवरा नाक्यावर बिगारी, बायको गजरे विकते, दोन मुली आणि चौदा वर्षांचा मुलगा. गजरे घेता घेता ओळख झाली. ही माणसं आधी भाड्याच्या खोलीत राहायची हे मला कित्येक महिने माहीतच नव्हतं, लॉकडाऊनमध्ये काम बंद पडलं तेव्हा मालकाने डिपॉझिटमधून भाडं कापायला सुरुवात केली, कापत कापत डिपॉझिट संपलं आणि सामान रस्त्यावर आलं. तेव्हापासून तिथेच.

मी म्हटलं निवाऱ्यात का जात नाही, तर म्हणाली जाऊन आलो, तिथे फक्त पुरुष घेतात, मला आणि पोरींना दुसरीकडे जायला सांगितलं आणि हा मोठा मुलगा बायकांच्यात चालत नाही म्हणे. मग कोण जाणार? कुटुंब फोडून छप्पर कोणाला हवंय. कुटुंबांसाठी वेगळे निवारे काढायची सोय केंद्राच्या योजनेत होती, ते कुठेतरी असतीलही, हिला मात्र मिळाला नाही.

नंतर एक दिवस तिच्याकडून हिशोबच मागितला. शौचालयाचे पैसे, आंघोळीचे, पाण्याचे कॅन, मोबाईल चार्जिंग, पावसाळ्यात ताडपत्री, आणि चूल पेटवता येत नाही म्हणून बाहेरचं खाणं. खाणं सोडून दिवसाला दीडशे रुपये जातात, म्हणजे महिन्याला साडेचार हजार! फूटपाथ फुकट असतो असं आपल्याला वाटतं हो, तसं नसतं. गोवंडीला एका एजंटकडे मी स्वतः त्यांच्यासोबत गेलो, दहा बाय दहाची खोली, भाडं पाच हजार, त्यांना ते जमण्यासारखं होतं. डिपॉझिट पन्नास हजार. तिथे विषय संपला.

बाकीच्या योजना त्यांच्या कामाच्याच नाहीत. झोपडपट्टी पुनर्वसनाला, म्हणजे एसआरएला, १ जानेवारी २००० च्या आधीची झोपडी लागते, २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख भरून घर मिळतं, पण यांची झोपडीच नाही तर पुरावा कशाचा देणार. पंतप्रधान आवासमध्ये घर घ्यायचं तर स्वतःची जागा, कर्ज नाहीतर हाताशी पैसा लागतो. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सुप्रीम कोर्टाने फूटपाथवरच्या माणसाची रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पुढे लाखभर लोकसंख्येमागे एक निवारा हवा हेही सांगितलं, त्या हिशोबाने २०११ च्या जनगणनेतल्या सव्वा कोटी मुंबईला सव्वाशे निवारे लागतात, आपण त्याच्या जवळपासही नाही. त्याच जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले गेले, आणि तेही एका रात्रीत मोजलेले, म्हणजे किती सुटले असतील बघा. निवाऱ्यांना पैसा देणाऱ्या केंद्राच्या त्या योजनेची मुदतही सप्टेंबर २०२४ ला संपली. दर वेळी दिल्लीकडे बघत बसायचं का?

म्हणून मला वाटतं महापालिकेने आपल्याच बजेटमध्ये बेघर कुटुंबांच्या डिपॉझिटसाठी वेगळी रक्कम ठेवावी. पन्नास हजार डिपॉझिट आणि महिन्याला पाच हजारप्रमाणे सहा महिन्यांचं भाडं धरलं तर एका कुटुंबाला ऐंशी हजार, हजार कुटुंबांना आठ कोटी. २०२५-२६ चं मुंबई महापालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं, म्हणजे शंभर रुपयांतला जेमतेम एक पैसा.

फुकट वाटू नका हे ऐकून घेतो, आमच्या सोसायटीतही हेच ऐकलं. पण हे पैसे कुटुंबाच्या हातात द्यायचेच नाहीत, चेक थेट मालकाच्या नावाने, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायचं, खोली सोडली की डिपॉझिट पालिकेकडे परत. त्यातले बरेचसे पैसे फिरून येतील, पुन्हा दुसऱ्या कुटुंबाला कामाला येतील. आणि अ‍ॅग्रीमेंट हातात आलं की पत्त्याचा पुरावा होतो, रेशनकार्ड, बँक, शाळेचा दाखला या सगळ्या ठिकाणी जिथे आज नुसती नकारघंटा आहे तिथे दाखवायला एक कागद तरी असतो. मालकांनाही पालिका मध्ये आहे म्हटल्यावर भरवसा वाटेल, नाहीतर पुलाखालून आलेत कळलं की दार लावून घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सहा महिन्यांनी कोणाचं काम बुडालं तर काय, हा प्रश्न आहेच, त्यासाठी एखाद-दोन महिन्यांचं भाडं राखून ठेवावं लागेल, शंभर टक्के कुटुंबं टिकतील असं मी म्हणत नाही.

पुढचं बजेट फेब्रुवारीत येईल, नगरसेवकांनी हा विषय त्याआधी घ्यावा एवढंच म्हणणं आहे. गोवंडीची ती खोली गेल्या आठवड्यात दुसऱ्याला गेली, एजंटचा मेसेज आला. मानखुर्दला एक आहे म्हणतो, डिपॉझिट चाळीस हजार, रविवारी बघायला जाणार आहोत.

— एक नियमित वाचक, मुंबई