आमची पुस्तके शेवटपर्यंत वाचणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

डिचोलीहून फोंडा लांब नाही, त्यामुळे हे आभार आपल्या घरी येऊनही मानता आले असते. तरीही ते सर्वांसमक्ष लिहावेसे वाटले, कारण आपले ऋण माझ्या एकट्याचे नाही. गोव्यात पदरमोड करून स्वतःची कथा-कादंबरी छापणाऱ्या अनेकांच्या पुस्तकांवर आपण रविवारच्या पुरवणीतून सविस्तर लिहीत आला आहात, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेला निवांत वेळ आपण या कामाला दिला आहे. त्याबद्दल कोणीतरी जाहीरपणे चार शब्द लिहायला हवे होते.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच उतरला. आज इथे, किंवा कुठेही, पुस्तक छापणे फारसे अवघड राहिलेले नाही. संगणकावर पाने जुळवता येतात, मागणीनुसार पन्नास प्रतीही छापून मिळतात, आणि आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून लेखकाला विनामूल्य मिळतो. पण प्रकाशक वगळला की त्याच्याबरोबर संपादक, मुद्रितशोधक आणि वितरकही वगळले जातात, आणि पुस्तक लेखकाच्या माळ्यावरच्या खोक्यांतून थेट ओळखीच्या माणसांच्या हाती पडते. ओळखीची माणसे कौतुक करतात आणि ते मनापासून असते. मात्र त्यांतली किती जण पहिल्या प्रकरणाच्या पुढे गेली, हे विचारायची सोय नसते. नियतकालिकांकडे परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायच्या, आणि काही महिन्यांनी ‘साभार पोच’ या मथळ्याखाली पुस्तकाचे नाव, पृष्ठसंख्या आणि किंमत छापून आलेली पाहायची, हा आमच्यापैकी बहुतेकांचा अनुभव. माझ्या कादंबरीच्या वाट्याला एका ठिकाणी तेवढेच आले. दुसऱ्या ठिकाणी परिचय आला, तो मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून.

त्यानंतर आपले परीक्षण आले. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. अशा एका घराची ती कादंबरी आहे. या विषयावर बोलताना बहुतेक जण खाणी असाव्यात की नसाव्यात या वादात शिरतात आणि पुस्तक बाजूलाच राहते. आपण त्या वादाला एक वाक्यही दिले नाही. आपण चौथ्या प्रकरणातल्या म्हातारीपाशी थांबलात, जी अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या बॉनेटवर एका सकाळी सूप पालथे करून भिरंडाची सोलां, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत घालते. घराने ट्रक पुन्हा रस्त्यावर येण्याची आशा सोडली आहे, हे या कृतीतून कळते आणि तिथे ते कोणीच बोलून दाखवत नाही, असे आपण लिहिले. त्याच्याच पुढे आपण हेही लिहिले की सहा पानांनंतर मुलगा तीच गोष्ट तोंडाने सांगतो, आणि म्हातारीने कमावलेले तो घालवतो. पानाचा क्रमांक दिला होता. ते वाचताना मला प्रथमच वाटले की हे पुस्तक माझ्या घराबाहेर कोणाच्या तरी हातात खरोखर उघडले गेले आहे.

ट्रकमालकांच्या सभेचे अकरा पानांचे प्रकरण आपल्याला वर्तमानपत्रातल्या वृत्तांतासारखे वाटले. या बाबतीत माझे आपल्याशी आजही पूर्ण एकमत नाही. जी माणसे आयुष्यात कधी सभेत उभी राहिली नाहीत ती त्या दिवशी उभी राहिली, आणि त्यांना थांबवून संक्षेप करणे माझ्या हाताला जड जाते. परंतु आपण नुसते ‘लांबले आहे’ असे म्हणून सोडले नव्हते. सभेच्या मध्यावर कोण बोलतो आहे हे वाचकाला कळेनासे होते, असे कारण दिले होते. ज्या मताला कारण जोडलेले असते त्याच्याशी लेखकाला वाद घालता येतो, आणि तो वाद त्याला टेबलाशी पुन्हा बसवतो. नुसत्या स्तुतीने असे काही होत नाही, आणि नुसत्या नापसंतीनेही नाही.

आपल्या कामाची रीत मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आपण भेट प्रत घेत नाही, विकत घेता. अलीकडे पैसे मोजून परीक्षण लिहून घेण्याची सोयही झाली आहे आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर आप्तस्वकीयांनी दिलेले पाच-पाच तारे प्रत्येक पुस्तकाखाली लुकलुकत असतात. अशा दिवसांत दीडशे-दोनशे रुपये स्वतःच्या पाकिटातून काढून एका अनोळखी लेखकाचे पुस्तक घेणे, याला माझ्या लेखी फार मोठी किंमत आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि छपाईच्या चुका आपण वेगळ्या कागदावर पानवार टिपून लेखकाला खासगीत पाठवता आणि छापील परीक्षणात त्यांचा उल्लेख एका वाक्यापलीकडे नेत नाही. एखाद्याची विटंबना करण्यासाठी त्या चुकांइतके सोपे साहित्य दुसरे नसते, आणि आपण ते हाताशी असूनही कधी वापरलेले नाही. त्याच वेळी, लेखकाने स्वतः छापले आहे म्हणून कथानकातल्या ढिलाईला आपण सूटही देत नाही. पुस्तक मोठ्या प्रकाशनाचे असो की घरातल्या खोक्यातले, माप तेच.

पुस्तकाची जातकुळी ओळखून मगच आपण माप लावता, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. सत्तरी तालुक्यातल्या एका तरुणाच्या रहस्यकथेवर लिहिताना आपण तिच्यात जीवनदर्शन शोधत बसला नाहीत. धागेदोरे वाचकासमोर वेळेवर ठेवले आहेत का, उलगडा आधीच्या पानांतूनच निघतो की आयत्या वेळी बाहेरून आणला आहे, एवढेच तपासले आणि शेवट मात्र फोडला नाही.

कथासंग्रहांच्या बाबतीत तर आपल्यासारखे वाचणारे मी फार थोडे पाहिले. शीर्षककथा आणि फार तर पहिली कथा वाचून संग्रहावर लिहिण्याची आपल्याकडे सवयच पडून गेली आहे. पेडण्याकडच्या एका परिचारिकेच्या संग्रहाविषयी लिहिताना आपण शेवटून दुसऱ्या, जेमतेम चार पानांच्या कथेकडे वाचकांचे लक्ष वेधलेत, आणि रात्रपाळीच्या तीन कथा लागोपाठ आल्यामुळे तिसरीचा परिणाम कसा बोथट होतो हे दाखवलेत. कथांचा क्रम लावणे हेही लेखनच आहे, हे त्या परीक्षणातून मला उमगले. प्रकाशनसंस्थेत हे काम संपादक करतो. आमच्याकडे तो नसतो, म्हणून पुस्तक छापून झाल्यावर का होईना, ते आपल्याकडून होते. पुढच्या पुस्तकाला त्याचा उपयोग होतो.

मराठीत पुस्तकपरीक्षणाची परंपरा काही कालची नाही. १८६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने नव्या ग्रंथांची परीक्षा गांभीर्याने केली, आणि १९६४ पासून ‘ललित’ने ग्रंथव्यवहारालाच वाहिलेले मासिक कसे असते ते दाखवले. गोव्यातल्या लेखकाला मात्र हे सारे दूरचे वाटत आले आहे, आणि ज्याच्या पुस्तकावर प्रकाशकाचे नाव नाही त्याला अधिकच. आपण ते अंतर कमी केलेत.

एका वेगळ्या मदतीचा उल्लेख राहू नये. स्वतः पुस्तक काढणारा लेखक कायद्याने प्रकाशक ठरतो, आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पोचवणे हे त्याचे कर्तव्य असते, हे आपण आम्हां कितीतरी जणांना सांगितलेत. पणजीत पाटो येथे असलेल्या, १८३२ साली स्थापन झालेल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातही प्रत द्या, असा आपला आग्रह असतो. पन्नास प्रतींचे पुस्तक दहा वर्षांत नाहीसे होऊ शकते. ग्रंथालयातली प्रत टिकते आणि ती पुढे कोणाला हवी होईल हे आज सांगता येत नाही, असे आपण वाचक-मेळाव्यात म्हणाला होता. माझ्या माहितीतल्या चौघांनी त्यानंतर प्रती नेऊन दिल्या.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली आहे. मुलाचे ते बोलणे काढले आहे. सभा ठेवली आहे, पण आता तिथे कोण बोलतो आहे ते प्रत्येक ठिकाणी कळते. आपल्या परीक्षणातली दोन वाक्ये मलपृष्ठावर घ्यावीत असे मित्रांचे म्हणणे होते. आपल्याला ते रुचणार नाही हे जाणून मी ती घेतली नाहीत. प्रत आपल्याला टपालाने पाठवत नाही, फोंड्यातल्या आपल्या नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानात ठेवली आहे. सभेचे प्रकरण पुन्हा एकदा वाचावे आणि अजूनही खटकले तर तसे छापावे, एवढी विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला नम्र,
डिचोलीचा एक कादंबरीकार