टिम हिल कशाला ठेवला होता?

संपादक महोदय,
न्यू जर्सीत राहून मी यांकीजवाला (न्यूयॉर्कची बेसबॉल टीम) झालो, त्यामुळे २०२४ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे बेसबॉलच्या फायनलची, डॉजर्सविरुद्धची पहिली मॅच अजून पचत नाही. दहावी इनिंग, एका रनची लीड, आणि आमचे मॅनेजर बूनसाहेब पिचर म्हणून आणतात कोणाला, तर महिनाभर मॅचमध्ये एक बॉल न टाकलेल्या नेस्टर कोर्टेसला, तिकडे दुसरा पिचर टिम हिल बुलपेनमध्ये (राखीव पिचर थांबतात तिथे) होता की हो! डॉजर्सचा ओहतानी पहिल्याच बॉलवर आउट, आमच्या हॉलमध्ये टाळ्या, मग बेट्सला मुद्दाम वॉक (न खेळवता फुकटचा पहिला बेस), आणि फ्रीमनने पुढचाच बॉल थेट स्टँडमध्ये, ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, म्हणजे चार रन), डॉजर्स जिंकले ६-३. चहा तसाच गार. मित्र म्हणतो ओहतानी गेला ना, मग डिसिजन बरोबरच. अरे पण पुढे फ्रीमन होता त्याचं काय? कॉमेंट्रीत जो डेव्हिसने लगेच १९८८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सला असाच शेवटच्या होम रनने जिंकवणाऱ्या गिब्सनची आठवण काढली, ते मात्र मानलं, आमच्या जखमेवर मीठ असलं तरी.

– एक वाचक, न्यू जर्सी