काकूंना घेऊन सान मिगेलला जाण्याआधी

प्रिय विन्या,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि उत्तर आज लिहितोय. राग धरला असशील तर धर, पण हे आधी पुरतं वाच. वहिनींचा निरोप आला की सप्टेंबरअखेरची तिकिटं बघताय आणि काकूही येताहेत. ते ऐकलं आणि हातातलं सगळं बाजूला ठेवून बसलो. इकडे सगळे ठीक, माझं बीपी गोळीवर शांत. पोरीला हवं ते कॉलेज मिळालं, फार बरं वाटलं. तिला वेगळं लिहीन.

आता काकूंचा गुडघा.

मेक्सिकोतल्या या सान मिगेल दे आयेंदेच्या फोटोंत चर्चचे गुलाबी मनोरे दिसतात, पायाखालचं दिसत नाही. जुन्या गावातले बहुतेक रस्ते दगडगोट्यांचे आहेत. कडेचा फुटपाथ दगडी फरशीचा, पावलांनी गुळगुळीत झालेला आणि इतका अरुंद की समोरून माणूस आलं की एकाला खाली उतरावं लागतं. कडेची उंची कुठे चार बोटं, कुठे वीतभर. काकूंना भिंतीच्या बाजूने चालव, पण खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या भिंतीच्या बाहेर आलेल्या असतात, नजर खाली गोट्यांवर असली की त्या खांद्याला नाहीतर डोक्याला लागतात. तू पुढे, काकू मधे, वहिनी मागे अशी रांग कर. हात धरून दोघं शेजारी चालणं तिथे जमत नाही.

सप्टेंबर म्हणूनच नको. जून ते सप्टेंबर पावसाचे महिने. सर बहुधा दुपारनंतर येते, पण आली की छपरांच्या पन्हळी थेट फुटपाथवर ओततात, रस्त्याचा ओढा होतो आणि त्या फरशीवर पाय ठरत नाही. त्यातून 29 सप्टेंबर म्हणजे संत मिगेलचा सण. त्याला धरून येणाऱ्या शनिवार-रविवारी पहाटे चारला आतषबाजी सुरू होते, तिला आल्बोरादा म्हणतात. तुला ती आवडेल हे मी पैजेवर सांगतो. काकूंची झोप मात्र जाईल. फेब्रुवारीचा मध्य ते मार्च धरा. आकाश कोरडं, दुपार उबदार आणि मार्चच्या सुमारास हाकारांडाची जांभळी फुलं. जाड भिंतींची जुनी घरं मात्र रात्री आतून गार पडतात आणि हीटर असेलच असं नाही. काकूंचे लोकरीचे मोजे विसरू नकोस.

पोचायचं कसं, तर मेक्सिको सिटीत मुक्काम करून मग जायचं हा तुझा बेत उलटा कर. ती राजधानी 2,240 मीटरवर आहे, सान मिगेल साधारण 1,900 वर. काकूंना आधी जास्त उंचीवर कशाला न्यायचं? जवळच्या केरेतारो शहराच्या विमानतळावर उतरलात तर तिथून गाडीने तासाभराहून थोडा जास्त. मेक्सिको सिटीलाच उतरावं लागलं तर विमानतळावरूनच केरेतारोच्या बस सुटतात, तिथे बदलून सान मिगेल. उत्तरेकडच्या बसस्थानकावरून सरळ बसही आहे, चारेक तासांची. त्यातली तीनच खुर्च्यांची रांग असलेली महागडी बस घे, पाय लांब करता येतात. एका दिवसात जाऊन परत यायचा विचार तर मनातून काढूनच टाक. आठ तास बसून काकूंचा गुडघा आखडेल आणि तुझ्या हाती एक फोटो लागेल. निदान पाच रात्री राहा. पहिले दोन दिवस धाप लागते, जिना हळू चढायचा, पाणी भरपूर.

पाण्यावरून आठवलं. नळाचं पाणी उकळून प्यायची काकूंची सवय तिथे उपयोगाची नाही. त्या खोऱ्यातल्या भूजलात फ्लोराइड आणि आर्सेनिक आहे, ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. घरात मोठा जार असतो, त्याला गाराफोन म्हणतात. पिण्याला, चहाला आणि वरणालाही तेच पाणी. शिवाय तिथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. कुकर आहे का ते घरमालकाला विचार.

घर निवडणं हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि तू पाठवलेलं घर मला पसंत नाही. मुख्य चौकाच्या, म्हणजे हार्दिनच्या पूर्वेला गाव चढत जातं. वरून देखावा सुंदर, पण रोजची चढउतार. पश्चिमेला साकातेरोस रस्त्याने खाली गेलं की सान आंतोनिओचा भाग बराच सपाट आहे, तिकडे बघ. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचार: झोपायची खोली तळमजल्यावर आहे का, न्हाणीघर त्याच पातळीवर आहे का, आणि जिन्याला कठडा आहे का. गच्चीचे फोटो सगळे टाकतात, गच्चीकडे जाणारा गोल लोखंडी जिना कुणी टाकत नाही.

आणि एक साधी युक्ती. गुडघा चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतो. म्हणून चढाला पायी, उताराला टॅक्सी. लोक नेमकं उलट करतात. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं विचार आणि सुटे पेसो जवळ ठेव, पाचशेची नोट पुढे केलीस की अडतं. काठीचं रबरी बूच रुंद असू दे, बारकं गोट्यांच्या फटीत अडकतं. बूट जाड तळव्याचे. पातळ तळव्यातून प्रत्येक गोटा टोचतो.

आता आपलं जुनं भांडण. पारोकियाचा, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा, दर्शनी भाग म्हणजे युरोपची नक्कल, असं तू हॉस्टेलच्या गच्चीवर रात्रभर ओरडून सांगितलं होतंस आणि दिग्या मधे पडला नसता तर मी चहाची किटली फेकली असती. मी आजही माघार घेत नाही. सेफेरिनो गुतिएरेस हा गावातला मूळनिवासी गवंडी. जुन्या चर्चला 1880 च्या पुढे त्याने हे नवं तोंड दिलं. युरोपातल्या चर्चची चित्रं बघून केलं आणि कामगारांना वाळूत काठीने रेघा ओढून समजावलं, असं गाव सांगतं. जवळ जाऊन त्या गुलाबी कांतेरा दगडावर नजर ठेव: टोकदार कमानी युरोपच्या, पण मापं आणि जाडी त्याच्या हाताची. नकलेला इतका धीटपणा नसतो.

रंगवायला बसशील तेव्हा लक्षात ठेव, ते तोंड उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात भर दुपारी सूर्य मनोऱ्यांच्या मागे जातो, सगळं काळवंडतं. उशिराची तिरकी उन्हं धर. कोरड्या हवेत जलरंगाचा हात क्षणात वाळतो, तेव्हा कागद आधी भिजवून घे आणि रंग जास्त कालवून ठेव.

काकूंना बसायला हार्दिनमध्ये सावलीत बाकं आहेत. शनिवारी बहुधा एखादी लग्नाची वरात येते, कागदाच्या लगद्याच्या उंचच उंच बाहुल्या नाचवत. त्यांना मोहिगांगा म्हणतात, काकू खूष होतील. ला आउरोराला नक्की ने. ही 1902 ची कापडगिरणी 1991 मध्ये बंद पडली, आता तिच्यात चित्रकारांची दालनं आहेत. आत चालायला सोपं, मधे बसायची सोय. आणि तू एकटा बेयास आर्तेस या कलाकेंद्रात जा. ते एका जुन्या मठात आहे. त्याच्या भोजनगृहात सिकेइरोस या मेक्सिकन चित्रकाराने 1940 च्या दशकाच्या शेवटी भित्तिचित्र सुरू केलं आणि तेव्हाच्या तिथल्या कलाशाळेशी बिनसल्यामुळे अर्धवट सोडलं. रेघा भिंतीवरून कोपरा ओलांडून छतावर चढतात. मधोमध उभा राहून हळूहळू फिर, मग कळतं की त्याला खोलीचे कोपरे पुसून टाकायचे होते.

आतोतोनिल्को चौदाएक किलोमीटरवर. 1740 मध्ये सुरू झालेल्या त्या देवस्थानाचं छत चित्रांनी भरलंय. काकूंची मान अवघडेल, म्हणून हातआरसा बरोबर ने, आरशात बघत बसल्या बसल्या सगळं छत दिसतं. जवळच गरम पाण्याची कुंडं आहेत, गुडघ्याला आराम मिळेल, फक्त काठावर शेवाळ असतं, हात सोडू नकोस.

काकूंच्या खाण्याचं: बीन्समध्ये डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं पाणी असू शकतं. "सिन मान्तेका" आणि "सिन काल्दो दे पोयो" हे दोन शब्दप्रयोग पाठ कर. भोपळ्याच्या फुलांची केसादिया त्यांना मानवेल.

व्हिसाचं सांगायचं राहिलंच. तुम्हा तिघांचाही अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. काकूंच्या व्हिसाची तारीख आजच बघ आणि घरमालकाचं उत्तर आलं की मला पाठव, जिन्याचा फोटो असेल तर तोही.

तुझा,
नंद्या