धुळ्याच्या आबांना, झाकणाआतल्या चिठ्ठीबद्दल

आबा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेला वाचनालयाचा 486 संगणक मंगळवारपासून रोज सकाळी सुरू होतोय. एक छोटी बीप, मेमरीचे आकडे, डॉस, आणि मग पडद्यावर भारतीय लिप्या दाखवणाऱ्या जिस्ट कार्डाची देवनागरी. आखाजीची आणि कानबाईची गाणी, बायांनी सांगितली तशी अहिराणीत टाइप केलेली, सगळी जिथल्या तिथे आहेत. अजून खरं वाटत नाही.

आभार मानायच्या आधी थोडं कडू बोलून घेतो, त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कुणाला कळायचं नाही.

दुखणं मुळात लहान होतं. मदरबोर्डावरची 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी संपली, तारीख 1980 वर गेली आणि डिस्क कुठल्या मापाची हे मशीन विसरलं. पहिल्या दुकानानं सेटअपमधल्या डिस्कच्या मापांच्या यादीतून अंदाजानं एक टाइप निवडला. पडद्यावर आलं, 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'. लगेच निदान: "डिस्क उडाली, फॉरमॅट मारावा लागेल." अहो, डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला कप्पा, माप कितीही चुकलं तरी वाचता येतो, कारण तो शून्यावरच असतो. पुढचा बूट सेक्टर, जिथून डॉस सुरू होतो तो, मात्र हेड आणि सेक्टरच्या हिशेबानं शोधला जातो. हिशेब चुकला की मशीन भलत्याच दारावर थाप मारतं आणि घरात कुणी नाही म्हणून सांगतं. त्या दिवशी फॉरमॅट मारू दिला असता तर गाणी खरोखर गेली असती. नको म्हटलं, तर त्यांनी जुनी बॅटरी कापून नवी तशीच बॅटरी त्याच जागी डाग देऊन बसवली. खाली हिरवा बुरा साचलेला होता, त्याच्यावरच.

काही महिन्यांनी पडदा काळा आणि सहा बीप. एएमआय बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामात, सहा बीप म्हणजे कीबोर्ड कंट्रोलरची, गेट ए20 ची तक्रार. मेमरीची असती तर तीन वाजल्या असत्या, डिस्प्लेच्या मेमरीची असती तर आठ. दुसऱ्या दुकानात बीप मोजल्याच नाहीत, रॅमच्या पट्ट्या अदलून-बदलून पाहिल्या आणि भंगाराचा भाव सांगितला. तिसऱ्यानं डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावली, दिसली नाही, म्हणून 'डेड' असं बिलावर लिहून दिलं. इतक्या जुन्या आयडीई जोडणीच्या डिस्क बऱ्याच यूएसबी अडॅप्टरना ओळखताच येत नाहीत. त्यात डिस्कचा काय दोष?

तुम्ही मशीन लगेच चालू केलं नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आधी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बाहेर काढला. पंख्यात जिनिंगचा कापूस एवढा अडकला होता की त्यात वात वळता आली असती. तो काढून, लोड म्हणून एक जुनी डिस्क लावून लाल वायरवर 5 व्होल्ट मोजले. 4.75 च्या खाली किंवा 5.25 च्या वर असेल तर बोर्डाला जोडायचाच नाही. जोडताना दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आणल्या. त्या उलट लागल्या तर बोर्ड जळतो.

मग बोर्डावर भिंग धरून बसलात आणि म्हणालात, "मशीन मरेल नही शे, इसरी गयं." कुणीतरी एकदाचं ते ऐकवलं!

बॅटरीतला गळलेला द्रव अल्कधर्मी. म्हणून आधी पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि रात्रभर पंख्याखाली. नुसतं अल्कोहोल चोळलं तर हिरवं दिसेनासं होतं, पण क्षार राहतो आणि तांबं खातच राहतो. बॅटरी कीबोर्डच्या सॉकेटशेजारी, कंट्रोलरही तिथेच, त्यामुळे पहिला घास त्याचाच. सॉकेटच्या पायांना बुरा, आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांपैकी दोन ट्रॅक वरून धड दिसणारे पण मीटरवर न वाजणारे, म्हणजे आतून तुटलेले. सॉकेट नवं बसवलं, दोन्ही ट्रॅकवर केसाएवढी तार डकवली. सहा बीप बंद.

नवी बॅटरी बोर्डावर न ठेवता तुम्ही एए सेलचा तीन घरांचा होल्डर लांब वायरीनं कॅबिनेटच्या कडेला बसवला. मध्ये वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा 1एन4148 डायोड, नाहीतर बोर्ड साध्या सेलनाही चार्ज करू पाहतो. उद्या गळले तर पत्रा खराब होईल, बोर्ड नाही.

पण आबा, हे पत्र लिहायला लावलं ते यानं नाही. घरी झाकण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला वहीचा चौकोनी कागद दिसला, वरून रुंद सेलोटेप, निळ्या बॉलपेनचं अक्षर:

'डिस्क: टाइप 47. सिलिंडर 989, हेड 12, सेक्टर 35. (212 एमबी)
सेल बदलल्यावर हे भरावे. फॉरमॅट करू नये.
सेल दर दिवाळीला.
दोन तारा डकवल्या आहेत, ओढू नये.
पुढच्याने आधी हे वाचावे.'

हे आकडे डिस्कच्या लेबलावरच होते. चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली की दिसणारे. तिघांपैकी एकानंही ते स्क्रू काढले नव्हते. तुम्ही काढलेत, आणि पुढच्याला काढायला लागू नयेत म्हणून लिहून ठेवलंत. तो पुढचा कोण, हे तुम्हाला ठाऊक नाही, कदाचित तोही घाईतला, मीटर न लावणारा. त्याच्यासाठीही 'वाचावे' असं अदबीनं लिहिलंत. बिलात त्याचा रुपया नाही. अशी माणसं अजून दुकान उघडून बसलेली आहेत, हे कळलं तरी धीर येतो.

गाण्यांच्या फायलींच्या दोन प्रती काढून झाल्या. त्या इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतात आहेत; युनिकोडची देवनागरी त्याच मांडणीवरून घेतलेली असल्यानं रूपांतर फारसं अवघड नाही, जोडाक्षरं तेवढी डोळ्यांखालून घालतोय. पूर्ण झालं की छापील प्रत घेऊन दुकानात येतो.

आणि तुमच्या चिठ्ठीखाली जागा होती, तिथे मी आजची तारीख टाकून 'सेल नवे घातले' एवढं लिहिलंय. अक्षर तुमच्यासारखं नाही, पण वाचता येतं.

आपला,
वाचनालयातला